रुग्णालयाच्या फाटकावरची देवडी: वय किती, आजार कुठला

पुण्याच्या पूर्व भागात, छावणीच्या हद्दीलगत, एक जुने धर्मादाय रुग्णालय आहे. नाव लिहीत नाही. विश्वस्तांनी काम दिले ते याच अटीवर. त्याच्या फाटकाला लागून एका खोलीची दगडी देवडी, म्हणजे फाटकवाल्याची बसायची जागा, आहे. उतरते कौलारू छप्पर, टोकदार कमानीच्या खिडक्या, वळचणीला नक्षीदार लाकडी झालर आणि माथ्यावर एक धुरांडे. येणारे-जाणारे तिला चर्चची खोली समजतात. आवारात मागच्या बाजूला सात मजली इमारत उभी राहायची होती आणि तिच्या अग्निशमन ना-हरकतीसाठी आत येणारी वाट रुंद करणे भाग होते. सल्लागाराने नकाशात देवडीभोवती लाल तुटक रेघ ओढून शेजारी एकच शब्द लिहिला होता: पाडणे.

दोन विश्वस्त याला तयार नव्हते, कारण देवडी १८६५ ची आहे असे रुग्णालयात सगळेच धरून चालत. उरलेल्यांचे म्हणणे, कधीची का असेना, ओलीने पार खिळखिळी झाली आहे, एखाद्या पावसाळ्यात कुणाच्या तरी अंगावर येईल. जुन्या इमारतींचे काम करणारी म्हणून माझ्याकडे प्रश्न आले ते हे दोन. ती खरेच तेवढी जुनी आहे का, आणि वाचवण्याजोगी आहे का. ती तिथे, त्याच कोनात, तशीच का बांधली हे कुणी विचारले नव्हते. फाटकाचा तिढा मात्र सुटला तो त्याच्या उत्तरातून.

१८६५ आले कुठून

विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात एक कौल ठेवलेले आहे. छपरावरून पडलेले, कोपरा फुटलेला. पाठीवर ठसठशीत अक्षरांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि त्याखाली १८६५. देवडीच्या वयाचा पुरावा म्हणतात तो हाच.

बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती संस्थेच्या गेऑर्ग प्लेब्स्टने मंगळूरजवळ नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. नदीची चिकणमाती, यंत्राने दाबलेला साचा, एकात एक अडकणाऱ्या खाचा. नंतर सगळा पश्चिम किनारा ज्याला ‘मंगलोरी कौल’ म्हणू लागला ते हेच. कारखान्याने आपल्या स्थापनेचे साल साच्यातच कोरले होते, त्यामुळे पुढची कित्येक वर्षे बाहेर पडलेल्या प्रत्येक कौलावर तेच साल उमटत राहिले. लोणच्याच्या बरणीवर ‘स्थापना १९३५’ लिहिलेले असते, म्हणून आतले लोणचे काही १९३५ चे ठरत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन लागेबांध्यांमुळे मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि १९१९ पासून ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. पुढच्या कौलांवर त्या कंपनीचे नाव येते. म्हणजे कपाटातले कौल एवढेच सांगते की आपण महायुद्धाच्या आधी भाजले गेलो.

कौलावरून भिंतीचे वय ठरवायचेच नसते. कौले फुटतात, उडतात, माकडे नाचतात, बदलली जातात. जुन्या घरात सगळ्यात तरुण असते ते छप्पर.

त्यातून गंमत अशी, की रुग्णालयाला ही जमीन मिळाल्याचा कागद त्यांच्याच तिजोरीत आहे आणि तो १८६५ च्या नंतरचा आहे. कौल आणि कागद यांच्यात एका भिंतीचे अंतर. दोन्ही समोरासमोर ठेवून कुणी पाहिले नव्हते, एवढेच.

मग उत्तरेकडच्या पाखीवरची, म्हणजे छपराच्या त्या उतारावरची, थोडी कौले उतरवली. वासे सागवानी, अजून खणखणीत. त्यांवर आत्ताच्या रिपा, म्हणजे कौले टेकवायच्या आडव्या पट्ट्या, साधारण फूटभर अंतराने ठोकलेल्या आहेत, मंगलोरी कौलाला लागतात तशाच. पण रिपांच्या मधल्या जागेत, वाशांच्या पाठीवर, जुन्या खिळ्यांची भोके दिसली. ती बरीच जवळजवळ होती, चौकोनी होती, आणि प्रत्येकाभोवती गंजाचे तपकिरी वलय लाकडात मुरलेले होते. आत्ताच्या रिपांचे खिळे गोल, तारेचे. म्हणजे मंगलोरी कौले येण्याआधी याच वाशांवर दाट पट्ट्या होत्या आणि त्यांवर बहुधा कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले. मंगलोरी कौल हे या देवडीचे दुसरे छप्पर होते. भिंती त्याहून जुन्या.

दाराच्या माथ्यावर वेगळाच साक्षीदार निघाला. बाकी सगळ्या दारे-खिडक्यांना टोकदार कमानी, या एका दाराला मात्र सपाट माथा. गिलावा काढल्यावर आत लोखंडी तुळई दिसली, तिच्या अंगावर उठावाच्या अक्षरांत ‘डॉर्मन लाँग’. मिडल्सबरोची ही कंपनी १८७५ ची. तुळईच्या दोन्ही टोकांशी कापलेल्या कमानीचे बुंधे भिंतीत तसेच राहिले होते. दार नंतर रुंद केले, कमान तोडली, तुळई टाकली. म्हणजे मूळ बांधकाम या दुरुस्तीच्या आधीचे.

मी अहवालात लिहिले: १८७० ते १८९०. एका विश्वस्तांना हे साफ नापसंत. “एवढं करून वीस वर्षांचा घोळ?” मी म्हटले, आतापर्यंत तुमच्याकडे एकच साल होते आणि ते चुकीचे होते.

कुणाची नक्कल

ज्या काळात ही देवडी उभी राहिली तेव्हा पुण्यात अशा बांधकामांचे वारेच होते. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला आली, १८६३ मध्ये बोरघाट पूर्ण झाला आणि मुंबईचा पैसा, माल आणि इंजिनिअर दिवसाभरात इथे पोहोचू लागले. मंगळूरची कौलेही बोटीने मुंबई आणि तिथून घाट चढून यायची. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून स्टेशनजवळ ससून रुग्णालय झाले ते १८६३ ते १८६७ या काळात, त्यांचेच लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचे सिनेगॉगही, त्याच वर्षांत. दोन्हींचा आराखडा ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधल्या हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी १८६४ मध्ये झाली, तीही त्यांचीच. टोकदार कमानी, उंच उतरती छपरे, घड्याळाचे मनोरे हे सगळे पुण्याच्या काळ्या दगडात आणि विटांत त्या दहा-बारा वर्षांत उतरले.

आपली देवडी विल्किन्सची नाही, तसा दावा कुणी करू नये. पण तिच्या खिडकीवरची पाणी तोडणारी दगडी पट्टी, चौकटीच्या दगडांच्या तासून काढलेल्या कडा, हे त्याच भाषेतले आहे. पाथरवटांनी मोठ्या कामावर हात बसवला आणि मग तोच हात छोट्या कामावर फिरवला. आजही असेच होते. मॉलच्या कामावर शिकलेला मिस्त्री परतून सोसायटीच्या जिन्यात तीच ग्रॅनाइटची पट्टी घालतो.

फाटकाशी माणूस बसवायची रीत पुण्याला इंग्रजांनी शिकवायची गरज नव्हती. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा: खिळ्यांचे प्रचंड दार, त्यात माणसापुरती दिंडी, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, वर नगारखाना. साध्या वाड्यालाही दाराआड देवडी असायची. फरक असा की आपल्याकडे पहारेकरी भिंतीच्या पोटात बसतो. फाटक बंद असले की तो दिसत नाही. इंग्रजी देवडी फाटकाच्या बाजूला, सुटी, चारही बाजूंनी उघडी उभी असते. तिकडच्या जमीनदारांच्या इस्टेटींवर तिच्यात फाटकवाला बायकामुलांसह राहायचा, म्हणून तिला घराचे रूप आले. छोटे स्वयंपाकघर, धुरांडे, खिडकीत कुंड्या. मालकाच्या मोठ्या घराची चुणूक फाटकावरच दिसावी हाही हेतू होता.

रुग्णालयांनी हा प्रकार उचलला तो थोड्या वेगळ्या कारणासाठी. तिथे फाटक म्हणजे गाळणी. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे १७०२ साली बांधलेले फाटक आजही स्मिथफील्डकडे तोंड करून उभे आहे, वर आठव्या हेन्रीचा पुतळा. तो थाट देणगीदारांसाठी. व्हिक्टोरियन काळातल्या रुग्णालयांच्या देवड्या मात्र कामाच्या होत्या. कोण रुग्ण, कोण नातेवाईक, गाठोड्यात काय, आणि घंटा झाल्यावर कोण अजून आत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ पासून मांडलेल्या रुग्णालयाच्या आराखड्यात वॉर्ड एकमेकांपासून सुटे, दोन्ही भिंतींना समोरासमोर खिडक्या, मधून वारा. असे आवार पसरट होते, त्याला बाजूंनी वाटाही फुटतात. म्हणून आत येण्याची जागा एकच ठेवायची आणि तिथे नजर ठेवायची.

पुण्यात या फाटकाला आणखी एक पदर आहे. १८९६-९७ च्या प्लेगात साथरोगाचा कायदा आला, रँडच्या हाताखाली घरोघर झडत्या झाल्या, माणसे उचलून रुग्णालयात आणि छावण्यांत नेली गेली. लोक आजाराइतकेच रुग्णालयाला घाबरत. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळ्या प्लेग रुग्णालयाला हातभार लावला तो या भीतीमुळेच. सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आत गेलेला माणूस दिसेल की नाही, हे फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांना देवडीतल्या माणसाकडूनच कळायचे. या देवडीकडे पाहताना मला फक्त नक्षी पाहवत नाही ती म्हणून.

स्टुलावर बसून

नकाशात देवडी चौकोनी खोली दिसते, बारा फूट बाय चौदा. जागेवर गेल्यावर कळते की रस्त्याकडची भिंत सरळ नाही. ती तीन बाजूंनी पुढे आलेली आहे आणि प्रत्येक बाजूला एकेक अरुंद खिडकी. या पुढे आलेल्या भागासमोर कधीतरी ॲल्युमिनियमची सिक्युरिटी केबिन आणून ठेवली होती. तीन खिडक्यांपैकी दोन तिच्या मागे गेल्या. केबिन दुपारी तापते म्हणून रखवालदार तीत बसत नाहीत, बाहेर झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. देवडीत जुन्या केसपेपरचे गठ्ठे आणि सलाइनचे मोडके स्टँड.

केबिन हलवून घेतली आणि आत स्टूल टाकून बसले. डाव्या खिडकीतून स्टेशनकडून येणारा रस्ता, उजवीतून छावणीकडचा, आणि नुसती मान वळवली की मागच्या कमानीतून मुख्य इमारतीचा पोर्च. तिन्ही रेषा एकाच माणसाच्या डोळ्यांशी येऊन मिळतात. उभे राहिले तर मिळत नाहीत. खिडक्यांची उंची बसलेल्या माणसाची आहे. देवडी रस्त्याला समांतर नसून किंचित तिरकी आहे, आणि सल्लागाराला ती ‘वेडीवाकडी’ वाटली होती, ती या तिसऱ्या रेषेसाठी.

फाटकाच्या बाजूला आणखी एक खिडकी आहे, कमरेच्या उंचीवर, गज नसलेली. तिची दगडी उंबरठ्यासारखी पट्टी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. घडीव काळा दगड असा सहजी झिजत नाही. कोपरे टेकून बोलणारी माणसे, सरकवलेले डबे, नोंदवही फिरवून सही घेणे. याच खिडकीवर आता कुणीतरी रंगाने लिहिले होते: ‘येथे चौकशी करू नये. चौकशी आत करावी.’ पुण्यातच हे शक्य आहे.

रात्रपाळीचे एक काका वीस-बावीस वर्षे इथे आहेत. त्यांना तिथे बसवून विचारले, कसे वाटते. म्हणाले, “ताई, इथं बसलं की कोण येतंय ते उठल्याशिवाय दिसतं. बाहेर काय, गाडीचा हॉर्न वाजला की मगच कळतं.”

ओल कशाची

आता आजाराकडे. भिंती दीड फूट जाड, काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. बाहेरच्या अंगाला घडीव तोंडाचे दगड, आत अनघड आणि चिपा. चार फुटांपर्यंत आतून हिरवा ऑइलपेंट, जुन्या दवाखान्यांत असतो तोच. त्याच्या वरच्या कडेला पोपडे आणि पांढरा लोणा, हात लावला की भुगा पडतो. बाहेरून सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरलेल्या, फुगीर, वर पांढऱ्या रंगाची रेघ. दिसायला टापटीप.

बेसाल्ट दगड पाणी फारसे पीत नाही. अशा भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर पडतो तो दरजांतून, कारण चुना सच्छिद्र असतो. दरजा सिमेंटने बुजवल्या आणि आतून सिमेंटचा गिलावा व ऑइलपेंट मारला की पाण्याला दोन्हीकडून दार बंद. ते वर चढते, रंग संपतो तिथे बाहेर येते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार तिथेच सोडते. क्षारांची रेघ रंगाच्या कडेला अगदी पट्टीने आखल्यासारखी होती ती यामुळे. आणि हे सिमेंट जुने नव्हते. आपल्याकडे सिमेंटचे नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ च्या सुमारास सुरू झाले. या भिंतीवरचा थर तर जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणीतला, गेल्या चाळीस वर्षांतला. त्याआधी शंभरेक पावसाळे देवडीने काढले होते.

पाणी शिरत कुठून होते? दोन ठिकाणांहून.

एक, खालून. देवडीला दाराशी एक पायरी आहे, तीही अर्धी. इतक्या ठसक्याने बांधलेल्या इमारतीला जोते नसावे हे पटेना, म्हणून भिंतीलगत चर खणला. वरून पेव्हर ब्लॉक, खाली खडी, मग डांबर, पुन्हा खडी, पुन्हा डांबर. त्याखाली दोन घडीव पायऱ्या आणि जोत्याची तासलेली कड, तिचा कोन अजून धारदार. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या पेठेत हेच दिसेल: रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि घरे जागच्या जागी बुडतात. रस्त्याचे पाणी आता फाटकातून आत उतरत होते आणि देवडीच्या भिंतीशी थांबत होते.

दुसरे, वरून. त्याला कारण धुरांडे. मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होते, कारण खाली चूल नाही, शेगडीचा कोनाडा नाही, भिंतीवर काजळीचा डाग नाही. छपरावर चढून पाहिले तर ते भरीव निघाले. वीट आणि चुना, वर दगडी टोपी, आत पोकळी अजिबात नाही. पुण्याच्या हवेत फाटकवाल्याला शेकोटी कशाला, पण इंग्रजी देवडीच्या चित्रात धुरांडे असते म्हणून इथेही आले. त्याच्या पायथ्याशी छपराशी होणारा सांधा नीट झाकलेला नव्हता, तिथे सिमेंटचा लपका मारला होता. लपक्याला केसाएवढी भेग होती. तिथून पाणी वाशाच्या पाठीवरून उतरून भिंतीवरच्या लाकडी पाटापर्यंत जात होते आणि दोन वाशांची टोके हाताने कुस्करता येत होती. बाकी छप्पर ठणठणीत.

थोडक्यात, देवडी म्हातारी होती हे खरे, पण मरणपंथाला लागली होती ती उपचारांमुळे.

मला गेट नको, वाट पाहिजे

आता मूळ भांडणाकडे. उंच इमारतीला अग्निशमन बंबासाठी प्रवेशद्वाराशी सहा मीटर रुंदी हवी, अशी राष्ट्रीय बांधकाम संहितेची अपेक्षा. देवडी आणि समोरचा दगडी खांब यांच्यात अंतर अकरा फूट. टांगा आणि बैलगाडी मजेत जाईल, रुग्णवाहिकाही जाते, बंब अडतो. हिशेब सरळ दिसतो: देवडी पाडा, सहा मीटर मिळतात.

पण स्टुलावर बसून पाहिलेली तिसरी रेषा आठवा. ही वाट पोर्चकडे जाते, कारण ती पोर्चसाठीच आखलेली आहे. नवी इमारत मागे. तिथे जायचे तर बंबाला पोर्च आणि शवागाराची भिंत यांच्यामधून काटकोनात वळावे लागले असते. बंबाची वळणरेषा कागदावर कापून ती नकाशावर फिरवली. वळत नाही. देवडी पाडली तरी नाही. पोर्चही पाडला असता तर वळला असता, आणि तो विचार मात्र कुणाच्या तोंडून निघाला नव्हता.

आवाराच्या दुसऱ्या अंगाला, बाजूच्या रस्त्यावर, स्कूटर स्टँड आणि जनरेटरची पत्र्याची शेड होती. तिथे भिंत तोडून फाटक केले तर नव्या इमारतीपर्यंत सरळ, एकाही वळणाविना जाता येते. अग्निशमन अधिकारी स्वतः टेप घेऊन आले. जुन्या फाटकाशी दोन मिनिटे, स्कूटर स्टँडशी अर्धा तास. निघताना म्हणाले, “अहो, तुम्ही मला गेट किती रुंद करू विचारत होता. मला गेट नको, वाट पाहिजे.” जनरेटर हलवण्याचा खर्च आला, स्कूटरवाल्या डॉक्टरांनी नाराजी धरली, ती अजून आहे. लाल तुटक रेघ पुढच्या नकाशातून गेली.

इथे वारसा यादीचा फार उपयोग झाला नाही, हे सांगून टाकते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियम आले, नंतर पुण्यातही श्रेणीवार यादी झाली. या रुग्णालयाची मुख्य इमारत यादीत आहे, देवडीचा उल्लेख नाही. अशा याद्यांत फाटके, कुंपणे, हौद, नोकरांच्या खोल्या नेहमीच गळतात. मग मुख्य इमारत जपली जाते आणि तिच्याभोवतीचे आवार तुकड्यातुकड्याने नाहीसे होते. यादी करणाऱ्यांनी इमारतीऐवजी आवार मोजावे असे माझे मत आहे, आणि ते मी संबंधितांना कंटाळा येईपर्यंत सांगते.

काम

पाण्याची वाट आधी, भिंत नंतर, रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे गेले.

आवाराच्या आतले पेव्हर काढून जमीन जुन्या पायऱ्यांपर्यंत खाली नेली. रस्ता खाली नेणे आपल्या हातात नाही, म्हणून फाटकाच्या रेषेत जाळीचे गटार घेतले आणि भिंतीलगत खडी भरलेला चर, त्याचे पाणी पावसाळी नाल्यात. दाराला आता तीन पायऱ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीसाठी फाटकाकडच्या खिडकीसमोर उतार ठेवला. आत जायची गरज नाही, खिडकीशीच काम होते. ती त्यासाठीच होती.

सिमेंट हातछिन्नीने काढले. ब्रेकर लावला असता तर दगडांच्या कडा गेल्या असत्या. मग भिंती एक पूर्ण उन्हाळा तशाच उघड्या ठेवल्या. विश्वस्तांना हा भाग सर्वात जड गेला. दर बैठकीत एकच प्रश्न, काम बंद का आहे. काम चालू होते, भिंत वाळत होती. आमचे मिस्त्री, तीन पिढ्यांचे गवंडी, एका विश्वस्तांना म्हणाले, “साहेब, पाणी आत गेलं ते गेलं. आता त्याला जाऊ तर द्या.”

चुन्याचे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर घेतले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. मुसळधार पावसात तो वाहून जातो आणि कडक उन्हात भाजून भुसभुशीत होतो. कळीचा चुना आधी विझवून बरेच दिवस पाण्याखाली ठेवला, मग वाळूबरोबर चुना दळायच्या घाणीत मळला. बैल नाही, विजेची घाणी. जोत्याच्या ओलसर भागासाठी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, मिसळली, कारण सुरखीचा चुना ओलीतही धरतो. गूळ आणि हिरड्याचे पाणी घातले, थोडे. हल्ली जुन्या बांधकामाचा विषय निघाला की लोकांना उडीद, गूळ, बेलफळ यांचीच उत्सुकता असते, जणू भिंत नव्हे, पाककृती आहे. चांगला विझवलेला, भरपूर मळलेला आणि नंतर गोणपाटाने ओला ठेवलेला चुना ही निम्म्याहून अधिक लढाई. दरजा दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवल्या, रेघ मारली नाही. त्यावर एकांनी “अर्धवट वाटतंय” असा शेरा दिला.

वाशांची कुजलेली टोके कापून जुन्या सागवानाचे तुकडे जोडले. चांगली मंगलोरी कौले दक्षिणेच्या पाखीवर एकत्र केली, कमी पडली तिथे जुन्या बाजारातून आणली. धुरांड्यावर मतभेद झाला. माझ्याच कार्यालयातल्या सहकाऱ्याचे म्हणणे, निरुपयोगी आहे, गळतीचे मूळ आहे, उतरवून टाकू. मी ठेवले. ते निरुपयोगी होते हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होते. त्याने ते दिसण्यासाठी बांधले आणि ते दिसते. पायथ्याला शिशाचा पत्रा वाकवून सांध्यात नीट खोचला, गळती थांबली. लोखंडी तुळईही तशीच ठेवली. तिथली कमान पुन्हा बांधता आली असती, दोन्ही बुंधे शाबूत होते. पण तुळई मजबूत आहे, दार रुंद हवेच आहे, आणि ती या देवडीच्या आयुष्यातली खरी घटना आहे.

केबिन भंगारात गेली. देवडीत आता चौकशी आणि भेटीचे पास. रखवालदारांची खरी मागणी वेगळीच होती, जवळ संडास. तो मागच्या कुंपणालगत बांधला, देवडीला न चिकटवता.

हा मजकूर लिहिताना दुसरा पावसाळा होऊन गेला आहे. आतल्या ईशान्य कोपऱ्यात थोडी ओल अजून आहे, तिथे दरजा पुन्हा उघडून पाहाव्या लागतील. मे महिन्यात गटाराची जाळी आणि वळचणीचे पन्हळ साफ करण्याचे काम रुग्णालयाच्या प्लंबरकडे दिले आहे, शिशाचा पत्रा तपासण्याचे माझ्याकडे. जोत्यावर, सापडलेल्या मूळ जमिनीच्या पातळीला, पितळी खूण बसवली आहे. रस्ता पुढच्या वेळी डांबरताना आधीचा थर खरवडून मगच नवा टाकावा, असे पत्र खुणेच्या फोटोसह रस्त्याची जबाबदारी असलेल्यांना दिले. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे.